शोधण्यातच दोन तास जातात

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र. वय ३३, मूळ गाव कोल्हापूरकडचं. लग्नाला पाच वर्षं झाली, दोन वर्षांची मुलगी आहे. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर मित्रांबरोबर पॉर्न पाहायला सुरुवात झाली, तेव्हा ते आठवड्यातून एखाद्या वेळी असायचं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं आणि ते रोजचं झालं. आता बायको आणि मुलगी झोपल्या की साडेअकरापासून दोनपर्यंत हॉलमध्ये लॅपटॉप उघडा असतो. ते लिहितात, 'पाहणं दहा मिनिटांचं असतं, शोधण्यातच दोन तास जातात.' पूर्वी जे पुरायचं ते आता कंटाळवाणं वाटतं. गेल्या वर्षभरात मारहाणीचे, जबरदस्तीचे व्हिडिओ आणि चोरून चित्रित केलेल्या 'एमएमएस' क्लिपांपर्यंत मजल गेली आहे, आणि नंतर स्वतःची किळस येते. बायकोजवळ असताना मन लागत नाही, दोन वेळा शरीरानेही साथ दिली नाही. त्यावर उपाय म्हणून त्यांनी जाहिरात पाहून 'ताकदीची' पावडर मागवली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती अकराव्या रात्री मोडली. प्रश्न असे: माझ्यात वासना इतकी का? मी विकृत आहे का? मेंदू कायमचा बिघडला का? बायकोला सांगू का?

प्रिय मित्र,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चारही प्रश्नांची उत्तरं देते. पण पत्रातल्या एका वाक्यापाशी मी सारखी थांबत होते, म्हणून सुरुवात तिथूनच करते. 'शोधण्यातच दोन तास जातात.' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला वाटतं, तुमच्या अडचणीचं मर्म त्यातच आहे.

ज्याला भूक लागली आहे तो ताटावर बसतो, जेवतो आणि उठतो. दोन तास मेनूकार्ड चाळत बसत नाही. तुमची अडचण अनावर कामेच्छेची असती, तर दहा मिनिटांत काम झालं असतं आणि तुम्ही झोपायला गेला असता. तुम्ही मात्र वीस टॅब उघडता, एक अर्धवट पाहता, 'याहून चांगलं पुढे असेल' म्हणून दुसऱ्यावर जाता. मनासारखं सापडलं तरी थोडं थांबवून ठेवता, कारण संपलं की उठावं लागेल. या दोन तासांत शरीरसुखाचा वाटा फार थोडा आहे. त्यामुळे 'माझ्यात वासना इतकी का' या प्रश्नातलं गृहीतच मला पटत नाही. उलट बायकोजवळ इच्छा होत नाही, असं तुम्हीच लिहिता. वासना खरंच वाढली असती, तर ती तिथेही दिसली असती.

मग वाढलंय काय? वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. माकडाला फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी जाग्या होत. काही दिवसांनी, रस मिळण्याआधी लागणारा दिवा माकडाच्या ओळखीचा झाल्यावर, त्या पेशी दिव्यालाच दाद देऊ लागल्या. रस ठरल्याप्रमाणे मिळाला, तर त्यावर त्यांची विशेष हालचाल होत नसे. अनपेक्षितपणे जास्त मिळाला, तर मात्र होई. थोडक्यात, हे रसायन 'आता काहीतरी मिळणार' या ओढीचं आहे. 'मिळालं, बरं वाटलं' ही वेगळी गोष्ट. केंट बेरिज या मानसशास्त्रज्ञाने हवंसं वाटणं आणि आवडणं यांत हाच फरक केला आहे. पहिलं वाढत जातं आणि दुसरं तिथल्या तिथे राहतं, किंवा कमीही होतं. तुमची रात्र अगदी अशीच असते. ओढ प्रचंड, गोडी जेमतेम.

त्यात या संकेतस्थळांची मांडणी. पुढच्या क्लिकला काय निघेल याचा नेम नसतो. बहुतेक टाकाऊ, मधूनच एखादं मनासारखं. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं की प्राणी ती कृती सर्वांत चिकाटीने करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. नवेपणाची ओढ तर सगळ्यांनाच असते. पण आपल्या आजोबांच्या पिढीला ती भागवायला उंबरठा ओलांडावा लागे, पैसे मोजावे लागत, कोणी ओळखेल ही भीती असे. आता तसं काही राहिलं नाही. सहज उपलब्ध, जवळजवळ फुकट आणि चेहरा न दाखवता, हे तिन्ही एकत्र आलं की काय होतं याकडे मानसशास्त्रज्ञ अल कूपर यांनी १९९८मध्येच लक्ष वेधलं होतं. आपल्याकडे २०१६नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ते घराघरात पोहोचलं. तुम्ही दुबळे आहात म्हणून यात सापडलात असं मी म्हणणार नाही. तुमच्यासमोर उभी असलेली यंत्रणा तुम्हाला उठू न देण्यासाठीच बांधली आहे.

आता मजल मारहाणीच्या आणि चोरून काढलेल्या क्लिपांपर्यंत कशी गेली ते पाहू. तेच तेच पाहून मन सरावतं, पूर्वीचं फिकं वाटतं, हे झालं एक कारण. दुसऱ्या कारणाबद्दल कमी बोललं जातं. धक्का, भीती, किळस, 'आपण नको ते करतोय' ही धाकधूक, यांनीही छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, आणि शरीराला ही धडधड कामोत्तेजनेपासून नीट वेगळी काढता येत नाही. लाजच उत्तेजनेचं इंधन होते. म्हणून ज्याची किळस वाटते तिकडेच बोट जातं, आणि नंतर किळस दुप्पट होते. यावरून तुमच्या मनाच्या तळाशी हिंसा दडली आहे असं ठरत नाही. जे पाहून उत्तेजना आली ते प्रत्यक्षात करावंसं वाटतं का? तुमच्या पत्रात तसं कुठेच दिसलं नाही. दिसलं असतं, तर मी तुम्हाला या सदरातून उत्तर देण्याऐवजी आजच मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं असतं. मनात तसं काही असेल आणि पत्रात लिहायचं राहिलं असेल, तर कृपया तेच करा.

तेव्हा 'विकृत' हा शब्द मी तुम्हाला लावणार नाही. पण एका बाबतीत सूट देता येत नाही.

चोरून काढलेल्या क्लिपेतली बाई अभिनय करत नसते. तिला ठाऊकच नसतं. किंवा आता कळलेलं असतं, आणि त्यामुळे तिने कॉलेज सोडलेलं असतं, गाव सोडलेलं असतं. समुपदेशनाच्या खोलीत माझ्यासमोर अशा मुली बसल्या आहेत. रस्त्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे बघून 'याने पाहिलं असेल का' हा विचार त्यांच्या मनात येतो, आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. तुमचा एक क्लिक त्या क्लिपेची मागणी वाढवतो. असं चित्रण करणं आणि ते पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खाली गुन्हा आहे. म्हणजे मित्रांच्या ग्रुपवर नुसती पुढे ढकललेली क्लिपसुद्धा. लहान मुलांच्या बाबतीत तर कायदा त्याहून कडक आहे. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्यं जवळ बाळगणं, ती न हटवणं हासुद्धा पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब तर अशी दृश्यं शोधण्या-पाहण्यालाही लागू होतं. तुम्ही तिथे गेलेला नाहीत. पण 'आणखी वेगळं काहीतरी' शोधत सुटलेल्या माणसाला वाट कुठे नेते हे कळत नाही, म्हणून इतर वाचकांसाठीही हे लिहून ठेवते. बाकी सगळं हळूहळू कमी करता येईल. चोरून काढलेल्या क्लिपा मात्र आजपासून बंद, आणि मुलांच्या दृश्यांकडे कधीच नाही. शपथ घेऊ नका, फक्त तिथे जाऊ नका.

मेंदूचं काय? २०१४मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी ६४ निरोगी पुरुषांच्या मेंदूची छायाचित्रं तपासली. पॉर्न पाहण्यात जास्त तास घालवणाऱ्यांच्या मेंदूत, बक्षिसाशी संबंधित एका भागाचं आकारमान थोडं कमी आढळलं. 'पॉर्नने मेंदू आक्रसतो' अशा बातम्या येतात त्या बऱ्याचदा यावरून. पण पाहण्यामुळे तो भाग लहान झाला, की आधीच तसा असलेली माणसं जास्त पाहतात, हे या पाहणीतून सांगता येत नाही, आणि संशोधकांनी स्वतःच तसं म्हटलं आहे. मेंदू सवयीने घडतो आणि सवय बदलली की पुन्हा घडतो. 'माझा मेंदू गेला' हा विचार तुम्हाला भीती देतो, आणि भीती वाटली की रात्री तुम्ही कुठे जाता हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी जानेवारी २०२२पासून लागू झाली, 'अनिवार्य लैंगिक वर्तन' ही अवस्था नोंदवलेली आहे. ती व्यसनांच्या गटात न ठेवता आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांत ठेवली आहे. पॉर्नला 'व्यसन' म्हणावं की नाही, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. निकष साध्या भाषेत असे: सहा महिने किंवा जास्त काळ आवेगावर ताबा नाही, थांबण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात, तब्येत-काम-नाती मागे पडतात, फारसं सुख मिळत नसूनही माणूस करत राहतो. तुमची अडीच तासांची रात्र, शपथ, कंटाळा हे सगळं यात बसण्यासारखं आहे. निदान मात्र समोर बसलेल्या डॉक्टरांनीच करायचं. त्याच नोंदीत एक इशाराही आहे. केवळ 'हे पाप आहे' असं वाटल्याने होणारा त्रास या निदानाला पुरेसा नाही. जोशुआ ग्रब्ज यांच्या संशोधनातही दिसलं की पॉर्नला नीतीविरुद्ध मानणारी माणसं थोडंसं पाहूनही स्वतःला 'व्यसनी' म्हणवतात. महिन्यातून दोनदा पाहून रात्ररात्र रडणारा एकवीस वर्षांचा मुलगाही मला पत्र लिहितो. त्याचं दुखणं तुमच्यापेक्षा वेगळं आहे. त्याला पाहण्यापेक्षा अपराधीपणावर काम करायची गरज आहे.

अपराधीपणाची ही गाठ आपल्या मराठी घरांत जुनी आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. ते खटला हरले. नव्वद वर्षं झाली. लोकांना विचारायचंय ते तेच आहे, आणि विचारायला ते अजूनही रात्रीच बसतात. तुमचं पत्र रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी आलंय.

लगे हाथ ती पावडर. हस्तमैथुनाने ताकद जात नाही. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत खोटी आहे. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवर दिसणाऱ्या 'गुप्तरोग' जाहिराती या एकाच भीतीवर जगतात. अशा पावडरींमध्ये काय मिसळलेलं असतं हे डब्यावरून कळत नाही. काहींत ताठरतेच्या गोळीचं औषध न सांगता घातलेलं सापडलं आहे, आणि हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. पावडर बंद करा. त्याऐवजी एमबीबीएस डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्या. दारू, झोपेचा अभाव आणि काही मानसिक औषधांचाही या तक्रारीशी संबंध असतो. सकाळी उठताना किंवा एकांतात ताठरता येत असेल, तर शरीराची यंत्रणा बहुधा ठीक आहे. मग काय होतंय? पॉर्नमुळे ही तक्रार किती जणांना होते यावर संशोधकांत एकमत नाही. पण तुमच्यापुरतं एक कारण मला उघड दिसतं. वर्षानुवर्षं तुमचं शरीर एका ठरावीक दाबाला, ठरावीक वेगाला आणि दर दोन मिनिटांनी बदलणाऱ्या चित्राला सरावलंय. समोर खरं माणूस आलं की ते चित्र बदलत नाही. शिवाय तुम्ही तिथे सुखात नसता, परीक्षेला बसलेले असता. 'आज तरी होईल ना' असं स्वतःला विचारत राहिलं की भीती जिंकते. रात्री दोनला झोपून सकाळी सातला उठणाऱ्या थकलेल्या शरीराचा हिशेब वेगळाच.

आता त्या साडेअकराकडे येऊ. मला तुम्हाला विचारायचंय: त्या दिवशी साडेअकराच्या आधी काय घडलेलं असतं? पत्रात तुम्ही ऑफिसबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. २०२०मध्ये असं काय सुरू झालं? घरून काम, बरोबर. म्हणजे मित्रांबरोबरचा चहा गेला, येण्याजाण्याचा तासभर गेला, दिवसभराचा राग उतरवायची जागा गेली. नंतर बाळ आलं. बाळाचे आईवडील दोन वर्षं कोणाचे तरी काहीतरी असतात, स्वतःचे कोणीच नसतात. माझा अंदाज आहे की दिवसाच्या चोवीस तासांतले ते अडीच तासच फक्त तुमचे आहेत. तिथे कोणी अप्रेझल विचारत नाही, कोणी रडत नाही, कोणाला काही द्यायचं नसतं. ते अडीच तास म्हणजे तुमची स्वतःची खोली. पॉर्न ही त्या खोलीत ठेवलेली वस्तू आहे. तुम्हाला ओढ खोलीची आहे. माझा अंदाज चुकीचाही असेल. तो तपासायची रीत सांगते.

दोन आठवडे काहीही सोडू नका. चोरून काढलेल्या क्लिपा सोडून बरं का, ते मी वर सांगितलंच आहे. एक साधी वही घ्या. लॅपटॉप उघडण्याआधी चार ओळी लिहायच्या: किती वाजले, आज दिवसभरात काय झालं, आत्ता काय वाटतंय (राग, एकटेपणा, कंटाळा, दमणूक, अपमान, की खरंच इच्छा), आणि शेवटचं जेवण कधी झालं. उठल्यावर एकच ओळ: आता काय वाटतंय. काय पाहिलं ते लिहू नका, त्याची गरज नाही. बहुतेक वह्यांत आठ-दहा दिवसांत एक नक्षी दिसायला लागते. कोणाच्या वहीत रविवारची रात्र येते, कोणाच्या वहीत गावाकडचा फोन.

सोडू नका म्हणते, याला कारण आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल वेग्नर यांनी १९८७मध्ये लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल त्यांच्या मनातून हटेना. 'आज पाहायचं नाही' असं दिवसभर घोकणारा माणूस दिवसभर त्याचाच विचार करत असतो. आणि शपथ. मुलीच्या डोक्यावर हात ठेवलात तेव्हा तुम्ही किती कळवळला होतात ते मला समजतं. पण अकराव्या रात्री एकदा घसरलात आणि मग पहाटे चारपर्यंत बसलात, बरोबर ना? एकादशीला चुकून दाणा तोंडात गेला की 'मोडलाच आहे उपास' म्हणून माणूस ताट वाढून घेतो, तसं. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अॅलन मार्लॅट यांनी याचा खूप अभ्यास केला. पहिल्या घसरणीपेक्षा 'मी संपलो' हा त्यानंतरचा विचार जास्त नुकसान करतो. ती शपथ आता सोडून द्या. मुलीला तिचं काही ओझं नाही, आणि तुम्हालाही नसावं.

दोन आठवड्यांनंतर बदल सुरू करा, पण बदल जागेत करा. लॅपटॉप रात्री ऑफिसच्या बॅगेत, बॅग दाराजवळच्या कपाटात. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, उशाशी दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ. फिल्टर बसवा, पण त्याच्यावर विसंबू नका. तुम्ही सॉफ्टवेअरवाले, तुम्ही तो पाच मिनिटांत काढाल. फिल्टरचा उपयोग तेवढ्या पाच मिनिटांचा अडथळा हाच आहे, आणि तो खरा उपयोग आहे. ओढ लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तिच्याशी भांडू नका, तिला हाकलूही नका. पोटात कुठे जाणवतेय, श्वास कसा आहे, एवढं बघत गॅलरीत उभे राहा. भांडी घासा, हवं तर. मी चेष्टा करत नाहीये. ओल्या हातांनी फोन धरता येत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांना सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला.

तरीही पाहायचंच ठरलं, तर शोध बंद. एकच टॅब, ठरवलेली वेळ, मग उठायचं. तुमच्या रात्रीचा मोठा भाग शोधण्यात जातो, म्हणून तोच आधी तोडायचा. 'म्हणजे पाहायला परवानगी देताय का' असं काही वाचक विचारतील. प्रौढांनी संमतीने केलेलं पाहावं की नाही, यावर ज्याची त्याची मतं असतील, माझीही आहेत. पण अडीच तासांवरून शून्यावर उडी मारायला लावून तुम्हाला पुन्हा पहाटे चारच्या किळसेत ढकलायची माझी तयारी नाही.

आणि त्या खोलीची सोय दुसरीकडे करा. आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर घराबाहेर, मित्राबरोबर किंवा एकटे. जेवढे तास तुमचे तेवढेच तास बायकोचेही, हे आधी ठरवून. तिलाही अशी खोली लागतेच, आणि बहुधा तीही तिला मिळालेली नाही.

एकट्याने हे सगळं करायचं नाही. अशा अवस्थेवर सीबीटी पद्धतीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या उपचाराचा उपयोग होतो. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात. पुण्या-मुंबईत असे डॉक्टर मिळतात. गावाकडच्या वाचकांसाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, फोन १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचं खास क्लिनिक २०१४पासून चालू आहे. डॉक्टर निवडताना एक बघा. पहिल्याच भेटीत त्यांनी प्रवचन दिलं किंवा 'सगळेच बघतात' म्हणून हसण्यावारी नेलं, तर दुसरे शोधा.

जाता जाता, अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल आला आणि नंतर रेकॉर्डिंग दाखवून पैशांची धमकी सुरू झाली, असंही अनेक वाचक लिहितात. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट ठेवा, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला १९३०वर फोन करा आणि घरातल्या एका तरी माणसाला त्याच दिवशी सांगा. अशा धमकीपायी तरुण मुलांनी जीव दिले आहेत. मनात तसा विचार आला, तर वरचा १४४१६ त्याच क्षणी लावा.

राहिला बायकोचा प्रश्न. सांगावं, असं मला वाटतं, पण आज रात्री नको. घसरलेल्या रात्री, डोळे सुजलेले असताना, मन मोकळं करण्यासाठी सांगाल, तर तुमचं ओझं तिच्या छातीवर जाईल आणि तुम्ही हलके व्हाल. ते सांगणं तिच्यासाठी नसेल. आधी वही भरा, डॉक्टरांना एकदा भेटा, मग सांगा, म्हणजे 'मी काय करतोय' हेही त्यात असेल. पण दोन महिन्यांपुढे ढकलू नका. दोन वेळा जे झालं त्याचं कारण ती आत्ता स्वतःच्या शरीरात शोधत असणार. बाळंतपणानंतर सुटलेलं पोट, वाढलेलं वजन. तिला त्यातून सोडवायला हवं.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, मुलगी आजीकडे असताना बोला. सवयीबद्दल सांगा, वेळेबद्दल सांगा, ती तुमच्या लग्नाच्या आधीपासूनची आहे हे नक्की सांगा. दृश्यांची वर्णनं करू नका, ती तिच्या डोळ्यांपुढून जात नाहीत. 'तू लक्ष देत नव्हतीस म्हणून' हे वाक्य चुकूनही नको, अर्ध्या सुरातही नको. ती रडेल, चिडेल, चार दिवस बोलणार नाही, तुमचा फोन तपासायला मागेल. तपासू द्या. पण तिला तुमची पहारेकरीण करू नका. रोज रात्री 'आज पाहिलंस का' हा प्रश्न दोघांनाही मारतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, तुम्हीच आपणहून सांगायचं. तिला वेगळं कोणाशी बोलायचं असेल, तर तीही सोय करून द्या. आणि तिने माफ केलंच पाहिजे, असं धरून चालू नका.

काही आठवडे शरीरसंबंधाचा विषय दोघांनी मिळून बाजूला ठेवला तरी चालेल. शेजारी बसणं, पाठ चोळून देणं, मुलगी झोपल्यावर गॅलरीत चहा, एवढंच, पुढे काही होणार नाही हे आधी ठरवून. परीक्षाच नसली की नापास व्हायची भीतीही नसते.

वहीच्या पहिल्या पानाबद्दल एक सुचवते. ज्या रात्री तुम्ही मला लिहिलंत, त्या रात्रीही साडेअकरा वाजले होते, घर झोपलं होतं, लॅपटॉप उघडाच होता. आठशे शब्दांचं पत्र लिहायला तासभर तरी गेला असेल. तो तास तुम्ही शोधत नव्हतात. त्या दिवशी काय घडलं होतं, लिहायला बसताना कसं वाटत होतं आणि पाठवून झाल्यावर कसं वाटलं, हे आठवेल तेवढं उतरवा. पहिली नोंद तीच असू द्या.